करारनामा घरी ठेवून या: सरोगसीची फाईल कशी लावायची

सरोगसीसाठी, म्हणजे आपलं मूल दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवण्यासाठी, आलेल्या जोडप्यानं माझ्या टेबलावर सगळ्यात आधी ठेवला तो करारनामा. पाचशेचा स्टॅम्प, 'लिहून घेणार' नवरा-बायको, 'लिहून देणार' तिची धाकटी जाऊ. मूल जन्मल्यावर विनातक्रार ताब्यात देईन, त्याबद्दल बागायतातले पाच गुंठे माझ्या नावे करावेत, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. टायपिंग एकदम स्वच्छ होतं. मी तो वाचला आणि विचारलं, "याच्या किती झेरॉक्स काढल्यात?" नवरा म्हणाला, "तीन." म्हटलं, "त्या कोणाला दाखवू नका. हा तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे."

मी कराडला वकिली करते, एकोणीस वर्षं झाली. चेक न वटणं, पोटगी, वाटप ही माझी रोजची भाकरी. सरोगसीची कामं २०२२ नंतर आली आणि प्रत्येक जोडपं येतं ते हेच म्हणत: "मॅडम, एक ॲग्रीमेंट करून द्या." जमिनीला, भाड्याला, भागीदारीला ॲग्रीमेंट लागतं, तसं इथंही लागत असणार असा समज. हे लिहायचं कारण तेवढंच. सरोगसी भारतात करारावर चालत नाही. ती दाखल्यांवर आणि कोर्टाच्या आदेशावर चालते, आणि त्यांचा क्रम चुकला तर महिने वाया जातात. एकदा माझ्याच हातून तो चुकला. ते पुढं सांगते.

कायदे दोन आहेत. सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ आणि त्याचा जुळा, सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा, म्हणजे आयव्हीएफचा, ज्याला लोक टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात. दोन्ही २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आधी एवढं ठरवा की तुम्हाला नक्की कोणता लागतो. गर्भाशय ठीक आहे, फक्त बीज नाही किंवा शुक्राणू नाहीत, तर तुम्हाला सरोगसी नकोच आहे. दात्याचं स्त्रीबीज किंवा शुक्राणू घेऊन आयव्हीएफ करा. त्याला ना मॅजिस्ट्रेट लागतो, ना जिल्ह्याचं वैद्यकीय मंडळ. त्या कायद्यात बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५, आणि एकटी, लग्न न झालेली बाईसुद्धा उपचार घेऊ शकते. माझ्याकडं येणाऱ्या चारातलं एक जोडपं इथूनच परत जातं, फी न देता.

सरोगसीचं दार मात्र अरुंद आहे. लग्न झालेलं जोडपं, बायको २३ ते ५०, नवरा २६ ते ५५, हे वय दाखला मिळण्याच्या दिवशी. किंवा विधवा अथवा घटस्फोटित बाई, ३५ ते ४५. लिव्ह-इनमधलं जोडपं नाही, एकटा पुरुष नाही, समलिंगी जोडपं नाही, लग्नच न केलेली बाई नाही. हे न्याय्य आहे का, यावर मला बरंच म्हणायचं आहे, पण ते इथं नको. परदेशातलं भारतीय वंशाचं जोडपं असेल तर राष्ट्रीय मंडळाचं शिफारसपत्र आधी. वयात न बसणाऱ्यांसाठी एकच अपवाद मला माहीत आहे: ज्यांची भ्रूणं कायदा येण्याआधीच तयार होऊन गोठवलेली होती, त्यांना वयाची अट मागाहून लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. तुम्ही त्यांतले असाल तर क्लिनिकच्या जुन्या तारखेच्या पावत्या आजच शोधा.

आता त्या पाच गुंठ्यांकडं येऊ. कायदा फक्त परोपकारी सरोगसीला परवानगी देतो. सरोगेटला, म्हणजे मूल पोटात वाढवणाऱ्या बाईला, दवाखान्याचा खर्च, नियमात बसणारा इतर खर्च आणि विमा, एवढंच. त्यापलीकडं तिला, तिच्यावर अवलंबून असलेल्यांना किंवा तिच्या वतीनं कोणाला रोख वा वस्तुरूपानं काहीही दिलं की ती व्यावसायिक सरोगसी. जमीनही त्यात आली, दिराचं कर्ज फेडणंही आलं, पुतण्याची इंजिनीअरिंगची फी पण आली. असा व्यवहार करू पाहणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. क्लिनिक, डॉक्टर, एजंट यांना १० वर्षं आणि १० लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि आपसांत मिटवता न येणारा. (बागायतातल्या पाच गुंठ्यांचं खत तुकडेबंदीत, म्हणजे शेतीचे लहान तुकडे पाडायला असलेल्या मनाईत, अडकलं असतं, ती गोष्ट निराळी.)

लोक हळूच विचारतात, ओटी भरायची की नाही? साडी द्यायची की नाही? ओटीच्या साडीवर खटला भरलेला मी तरी पाहिलेला नाही. पण पाटल्या करू नका. आणि खर्च करायचा तो थेट दवाखान्याच्या, मेडिकलच्या बिलावर, बँकेतून. हातात रोख देऊन "औषधाला दिले होते" हे नंतर कोणाला पटवून देणार?

एवढा कडक कायदा का, असं नवऱ्यानं त्या दिवशी वैतागून विचारलं. मी त्याला गुजरातमधल्या आणंदची गोष्ट सांगितली. २००८ साली एका जपानी जोडप्यासाठी तिथं सरोगसीतून मुलगी झाली, पण जन्माआधीच त्या नवरा-बायकोची फारकत झाली होती. करार होता, पण मूल कोणाचं, त्याला देशाबाहेर कोण नेणार, याचं उत्तर त्यात नव्हतं. आजी जपानहून आली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आज कायदा मूल पोटात यायच्या आधीच मॅजिस्ट्रेटचा आदेश मागतो, त्यामागं असली प्रकरणं आहेत.

तर फाईल. माझ्या या अशिलांची गोष्ट अशी: ती ३१ वर्षांची, पोस्टात क्लार्क. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली. बाळ दोन दिवस जगलं. अंडाशय शाबूत, बीज चांगलं. म्हणजे वैद्यकीय कारण उघड होतं. नियमांत ही कारणं दिलेली आहेत: गर्भाशय नसणं, काढलेलं असणं किंवा सदोष असणं, आयव्हीएफ वारंवार फसणं, कारण न कळता वारंवार गर्भपात होणं, किंवा गर्भ वाढवणं जिवावर बेतेल असा आजार. "नोकरीत जमत नाही" हे कारण नाही.

पहिला कागद म्हणजे जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला. त्यासाठी अर्जासोबत ऑपरेशनची मूळ कागदपत्रं लावा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशन नोट्स आणि काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या. दवाखाने जुने कागद फेकून देतात, त्यामुळं हे काम पहिल्या आठवड्यात. लग्नाचा दाखला म्हणजे नोंदणीचा दाखला, पत्रिका नव्हे. आणि जोडप्याला हयात अपत्य नाही हे दाखवावं लागतं: स्वतःचं, दत्तक किंवा आधीच्या सरोगसीतलं, कोणतंच. मूल असेल पण मतिमंद, दिव्यांग किंवा बरा न होणारा जीवघेणा आजार असलेलं असेल, तर मंडळाच्या दाखल्यावर सूट मिळते. माझ्या अशिलांच्या बाबतीत त्या दोन दिवसांच्या बाळाचा जन्माचा आणि मृत्यूचा, असे दोन्ही दाखले लावावे लागले. दोन्हींवर नावाची जागा रिकामी होती. ती ते कागद पाकिटातून काढत नव्हती. नवऱ्यानं काढून दिले. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना सांगते, हे कागद मागितले जाणार आहेत. आधी मनाची तयारी करा आणि झेरॉक्स दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगा.

दात्याच्या बीजाचा घोळ इथंच निस्तरायचा. मार्च २०२३ मध्ये सरकारनं नियम बदलून सरोगसीत दात्याचं बीज (स्त्रीबीज असो वा शुक्राणू) पूर्ण बंद केलं होतं. ज्यांच्या अंगात बीजच नाही अशा बायका कोर्टात गेल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलला. आता नवरा किंवा बायको, दोघांपैकी एकाला वैद्यकीय अडचण आहे असं जिल्हा मंडळानं प्रमाणित केलं तर दात्याचं चालतं, पण दुसरं बीज जोडप्यातल्याचंच हवं. दोन्ही दात्यांची नाही चालत. विधवा किंवा घटस्फोटित बाईला स्वतःचंच स्त्रीबीज लागतं. इंटरनेटवर २०२३ चे लेख अजून फिरतात. ते वाचून रडत येऊ नका.

आता सरोगेट, आणि माझी चूक.

कायद्याप्रमाणं ती स्वखुशीनं तयार झालेली, लग्न झालेली (विधवा, घटस्फोटित चालते), स्वतःचं मूल असलेली, गर्भ ठेवण्याच्या दिवशी २५ ते ३५ वर्षांची हवी. जवळची नातेवाईकच हवी ही अट जुन्या विधेयकात होती, शेवटी कायद्यात 'तयार असलेली बाई' एवढंच आलं. पण पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर नातेवाइकांशिवाय येणार कोण? आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं. तिचं स्वतःचं बीज वापरता येत नाही. प्रयत्न जास्तीत जास्त तीन. आणि शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा दाखला.

जाऊ २९ ची, दोन मुलांची आई, हसतमुख. मी सगळं तपासलं आणि मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज घातला. आमच्या क्लार्कला तो कुठल्या रजिस्टरला चढवायचा हेच कळेना. शेवटी किरकोळ फौजदारी अर्ज म्हणून नंबर पडला. तारखेला साहेबांनी आम्हा सगळ्यांना जरा मागं व्हायला सांगितलं आणि तिला विचारलं, "बाळंतपणात सिझर होऊ शकतं, माहीत आहे ना?" ती म्हणाली, "हो साहेब, माझी दोन्ही सिझरच आहेत." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. फायलीत लावलेल्या तंदुरुस्तीच्या दाखल्यात त्याचा उल्लेखच नव्हता. तिला कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. घरच्यांनी ठरवलं, ती हो म्हणाली, आणि तेवढ्यावर मी चालले होते. दुसऱ्या डॉक्टर बाईंकडं पाठवलं तेव्हा त्यांनी टाके पाहिले आणि सही करायला साफ नकार दिला. अर्ज मागं घेतला. चार महिने गेले.

म्हणून क्रम असा ठेवा: कोर्टाच्या आधी सरोगेटची तपासणी, तीही तिला एकटीला नेऊन. आधीची बाळंतपणं कशी झाली, साखर, रक्तदाब, थायरॉइड, सगळं तिच्या तोंडून. आणि नवरा, सासू, जाऊ कोणीही खोलीत नसताना एकदा तिला विचारा, नको म्हणायचं आहे का? हे फक्त माणुसकी म्हणून नाही. कोर्टापुढं प्रकरण गेलं तर, उलट सिद्ध होईपर्यंत, तिच्यावर नवऱ्यानं, जोडप्यानं किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असं कायदा गृहीत धरतो. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेच्या 'हो'ला किती अर्थ असतो, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं म्हणायचं. मी आता सरोगेटला वेगळा वकील घ्यायला लावते. वकीलपत्रं दोन, आणि दोन्ही वकिलांनी एकाच टेबलावर बसून अर्ज लिहायचा नाही.

दुसरी सरोगेट म्हणजे माझ्या अशील बाईची मावसबहीण, वाईकडची, एक मुलगी, नॉर्मल बाळंतपण. पण वय ३४ वर्षं ३ महिने. ३५ पूर्ण झाल्यावर काय, असा वाद घालत बसण्यापेक्षा मी ३५ वा वाढदिवस हीच शेवटची तारीख धरली आणि फायलीच्या कव्हरवर लाल पेनानं लिहिली. तुम्हीही लिहा. शाळेचा दाखला आणि आधारावरची जन्मतारीख एकच आहे का बघा. तिच्या आधारावर माहेरचं आडनाव होतं, मुलीच्या जन्मदाखल्यावर सासरचं. हे नाव जुळवण्यात तीन आठवडे गेले.

संमतीचा मूळ कागद सरकारनंच ठरवून दिला आहे, नियमांतला नमुना क्रमांक २. 'करार' म्हणून जे काही आहे ते हेच. क्लिनिक तो बहुतेक वेळा इंग्रजीत पुढं करतं. सही करू देऊ नका. सरोगेटला समजणाऱ्या भाषेत संमती हवी, हा कायद्याचा शब्द आहे. मी मराठी प्रत करून मावसबहिणीला मोठ्यानं वाचायला लावली. 'दुष्परिणाम' या शब्दापाशी ती थांबली आणि तिथून पुढं अर्धा तास डॉक्टरांना फोनवर प्रश्न विचारत होती. फार बरं वाटलं मला. गर्भ ठेवण्याआधी ती कधीही संमती मागं घेऊ शकते, आणि पुढं गर्भपाताची वेळ आलीच तर तिच्या लेखी संमतीशिवाय आणि समुचित प्राधिकाऱ्याच्या (या कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या यंत्रणेच्या) परवानगीशिवाय तो होत नाही. जोडप्याला तो हट्ट धरता येत नाही.

कोर्टाचा अर्ज जोडपं आणि सरोगेट, दोघांनी मिळून करायचा. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं किंवा त्याहून वरच्या कोर्टात. मागणी एकच: जन्मणाऱ्या मुलाचं पालकत्व आणि ताबा जोडप्याचा. हाच आदेश पुढं जन्माचं शपथपत्र म्हणून चालतो. सोबत मंडळाचा दाखला, सगळ्यांची ओळखपत्रं, लग्नाची नोंद, सरोगेटच्या मुलाचा जन्मदाखला, तंदुरुस्तीचा दाखला, संमती. आदेश झाल्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या, आणि नकला पाच तरी घ्या. प्रत्येक टेबलाला खरी प्रत लागते.

विमा हा सगळ्यात कटकटीचा भाग. सरोगेटच्या नावे ३६ महिन्यांचा, गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीसाठी पुरेल एवढा. घरातली मेडिक्लेम दाखवून भागत नाही, ती वर्षाची असते. एजंटला 'सरोगसी' म्हटलं की तो आयुर्विम्याचे कागद काढतो. कंपनीच्या शाखेत जाऊन लेखी विचारा: मुदत किती, मातृत्वाच्या दाव्याला थांबण्याचा काळ किती? हे काम कोर्टाच्या तारखा चालू असतानाच सुरू करा.

मंडळाचा दाखला, आदेश आणि विमा, हे तीन झाले की समुचित प्राधिकाऱ्याकडं आवश्यकता प्रमाणपत्र, म्हणजे सरोगसीची खरंच गरज आहे असा दाखला. शिवाय जोडप्याचं आणि सरोगेटचं वेगवेगळं पात्रता प्रमाणपत्र. कायदा प्राधिकाऱ्याला ९० दिवस देतो. पोचेवर तारीख आणि शिक्का असल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, नाहीतर ९० कुठून मोजणार? एका कार्यालयात आमचा अर्ज 'सापडत नव्हता'. पोच दाखवल्यावर सापडला. अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत राज्य सरकारकडं अपील आहे.

क्लिनिक निवडताना आयव्हीएफची नोंदणी पाहून फसू नका, सरोगसीची नोंदणी वेगळी असते. ती ३ वर्षांची असते आणि दर्शनी भागात लावलेली असावी लागते. तारीख वाचा. एका वेळी एकच भ्रूण ठेवायचं, तीनपर्यंत फक्त खास परिस्थितीत. "जुळी होतील, एकात काम" असलं कोणी सांगितलं तर उठून या. मुलगा की मुलगी हे तर विचारूच नका.

आमचा पहिला प्रयत्न फसला. दुसरा वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी झाला आणि लागला.

बाळंतपणाच्या वेळी आणखी एक खड्डा असतो. दवाखान्यात दाखल होते ती सरोगेट, तिच्या आधारावर. जन्माचा फॉर्म भरणारा कर्मचारी सवयीनं आईच्या जागी तिचंच नाव लिहितो आणि ते पुढं नगरपालिकेत जातं. मग दुरुस्तीच्या चकरा. आठव्या महिन्यातच आदेशाची खरी प्रत दवाखान्याच्या प्रशासनाला देऊन पोच घ्या, आणि फॉर्म गेला की नाही ते स्वतः पाहा. नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे. सरोगसीतून जन्मलेलं मूल कायद्यानं जोडप्याचं स्वतःचंच मूल आहे, वारसाहक्कासकट. त्याला दत्तकपत्र लागत नाही. कोणी करून देतो म्हणाला तर पैसे वाचवा.

रजेचं विसरू नका. खासगी नोकरीत, स्वतःचं बीज दिलेल्या आईला मूल हाती आल्यापासून १२ आठवडे; हा हक्क मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं आला. केंद्र सरकारी नोकरीत जून २०२४ पासून १८० दिवस, आणि बापाला १५. आमच्या पोस्टातल्या बाईंच्या साहेबांना ते माहीत नव्हतं. राजपत्राची प्रत अर्जाला टाचून दिली, मग मंजूर झाली.

क्लिनिकनं नोंदी २५ वर्षं ठेवायच्या असतात, तरी स्वतःचा संच पत्र्याच्या पेटीत ठेवा.

बारशाला मी गेले होते. मावसबहीण पाळण्याच्या दोरीपाशी होती, जाऊ वाढत होती. जेवताना बाळाची आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, दुसऱ्यासाठी परत हे सगळं असंच करायचं?" सांगावं लागलं, की आता घरात हयात मूल आहे, या कायद्यात तुम्ही पुन्हा बसत नाही. ती थोडा वेळ जिलबी मोडत बसली. मग म्हणाली, "आणि दत्तक?" ते चालतं. त्याची फाईल वेगळी असते. यादी मी तिला त्याच रात्री व्हॉट्सॲपवर पाठवली.